ऑटोलिस्पमध्ये ‘नंबरपी: निल’ आणि ‘टू फ्यू आर्ग्युमेंट्स’: फंक्शन कॉलच्या चुका शोधायच्या कशा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ठाण्यात, नौपाड्याच्या एका आर्किटेक्ट ऑफिसात ड्राफ्ट्समन आहेत. घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीच्या प्लॅनमध्ये बंद पॉलीलाइन निवडायच्या आणि त्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज मिळवायची, एवढीच छोटी कमांड त्यांनी ऑटोलिस्पमध्ये, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंग-सॉफ्टवेअरच्या आतल्या प्रोग्रामिंग भाषेत, लिहिली. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये ती चालते. शेजारच्या सहकाऱ्याने स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये लोड केली की ‘एरर: बॅड आर्ग्युमेंट टाइप: नंबरपी: निल’. कुणीतरी सुचवलं म्हणून वापरलेली सगळी नावं त्यांनी डिफनच्या (फंक्शन तयार करणाऱ्या शब्दाच्या) कंसात घातली, तर आता दोन्हीकडे ‘टू फ्यू आर्ग्युमेंट्स’. ऑटोकॅड पुन्हा इन्स्टॉल करावं का, असं ते विचारतात.

इन्स्टॉल करू नका, ऑटोकॅड ठीक आहे. तुमचा मूळ कोड मी खाली देवनागरीत मांडतो. टाइप करताना अर्थातच नेहमीची रोमन अक्षरं वापरा. सेटक्यू नावाला किंमत देतं, एसएसगेट वस्तू निवडून त्यांचा संच करतं, एसएसनेम त्या संचातली एकेक वस्तू काढतं.

(डिफन सी:एकूण ()
  (सेटक्यू संच (एसएसगेट))
  (सेटक्यू क्र ०)
  (रिपीट (एसएसलेंग्थ संच)
    (सेटक्यू वस्तू (एसएसनेम संच क्र))
    (सेटक्यू बेरीज (+ बेरीज (व्हीलॅक्स-कर्व्ह-गेटएरिया वस्तू)))
    (सेटक्यू क्र (१+ क्र)))
  (प्रिंक बेरीज))

आधी तो संदेश नीट वाचू. त्याचे तीन तुकडे आहेत. ‘बॅड आर्ग्युमेंट टाइप’ म्हणजे फंक्शनच्या हातात चुकीच्या जातीची वस्तू पडली. ‘नंबरपी’ म्हणजे त्याला आकडा हवा होता. आणि शेवटचं ‘निल’ म्हणजे प्रत्यक्षात काय मिळालं. बहुतेक जण पहिला तुकडा वाचून गूगलकडे वळतात. कामाचा तुकडा शेवटचा असतो. तिथे निल असेल तर एखादं व्हेरिएबल रिकामं आहे. तिथे अवतरणचिन्हांत "२३०" असेल तर गेटस्ट्रिंगने घेतलेला मजकूर तुम्ही आकडा समजून वापरताय. तिथे एक्स असं नुसतं अक्षर असेल तर कुठेतरी कोट चिन्ह लावल्यामुळे नावाची किंमत काढलीच गेली नाही. तीन वेगळे आजार, आणि पहिले दोन तुकडे तिन्हींत तेच.

तुमच्या कोडमध्ये आकडा मागणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. क्र ला आधी ० दिलाय. क्षेत्रफळ फंक्शनकडून येतं. उरली बेरीज. तिला सुरुवातीची किंमत कुठेच दिलेली नाही. ऑटोलिस्पमध्ये न दिलेल्या नावाची किंमत निल असते. शून्य नसते, आणि ‘हे नाव मला माहीत नाही’ अशी तक्रारही होत नाही. निल अधिक काहीतरी म्हटलं की अधिकचं चिन्ह ओरडतं.

मग तुमच्याकडे चाललं कसं? कमांड लिहिताना तुम्ही कमांड लाइनवर कधीतरी (सेटक्यू बेरीज ०.०) करून पाहिलं असणार. ती बेरीज त्या ड्रॉइंगमध्ये ग्लोबल, म्हणजे कमांड संपल्यावरही टिकणारी, होऊन बसली. ऑटोलिस्पची व्हेरिएबल्स प्रत्येक ड्रॉइंगची वेगळी असतात, त्यामुळे सहकाऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये ती नव्हती. तपासून बघायचं असेल तर कमांड लाइनवर उद्गारचिन्ह देऊन नाव लिहा: !बेरीज. तुमच्या ड्रॉइंगमध्ये आकडा दिसेल, कोऱ्या ड्रॉइंगमध्ये निल.

आता जरा काळजीची गोष्ट. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ती कमांड ‘चालते’ असं तुम्ही म्हणता, पण त्याच पॉलीलाइन निवडून लागोपाठ दोनदा चालवा. पहिल्यांदा ४१२.५ आलं तर दुसऱ्यांदा ८२५ येईल, कारण जुन्या बेरजेतच नवी मिळवली जाते. सहकाऱ्याला निदान एरर आली. तुमच्याकडे चुकीचा आकडा निमूटपणे आला, आणि तो एखाद्या एरिया स्टेटमेंटमध्ये गेलाही असेल. या कमांडने काढलेले आकडे पुन्हा तपासा, हे मी इथेच सांगून ठेवतो.

दुसरी एरर. तुम्ही (डिफन सी:एकूण (संच क्र वस्तू बेरीज) असं केलंत. त्या कंसात तिरप्या रेघेच्या आधी लिहिलेली नावं म्हणजे फंक्शनला बाहेरून द्यायची आर्ग्युमेंट्स, आणि रेघेनंतरची नावं म्हणजे त्याची आतली, लोकल व्हेरिएबल्स. रेघच नसल्यामुळे चारही नावं आर्ग्युमेंट्स झाली. सी: ने सुरू होणारं फंक्शन कमांड म्हणून टाइप केलं जातं, त्याला कुणी काही देत नाही, म्हणून ‘टू फ्यू’. डिफनने केलेल्या फंक्शनमध्ये ऐच्छिक आर्ग्युमेंट नावाचा प्रकार नाही; चार सांगितली तर चारच द्यावी लागतात. बरोबर रूप ( / संच क्र वस्तू बेरीज). रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा. (/संच) असं चिकटवून लिहिलं तर लिस्पच्या दृष्टीने ‘/संच’ हे अख्खं एक नाव होतं, म्हणजे पुन्हा एक आर्ग्युमेंट, म्हणजे पुन्हा तीच एरर. ही जागा मी इतक्या फाइलींत हरवलेली पाहिली आहे की ‘टू फ्यू आर्ग्युमेंट्स’ दिसलं की पहिली नजर डिफनच्या ओळीवर जाते आणि मगच कॉलकडे.

निल कसा वाहत येतो हे एकदा कळलं की अर्धी डिबगिंग संपते. ऑटोलिस्पमधली बरीच फंक्शन्स अडलं की ओरडत नाहीत, निल देतात. गेटपॉइंटला नुसतं एंटर दाबलं, निल. एंटसेलमध्ये क्लिक रिकाम्या जागी पडलं, निल. एसएसगेटमध्ये काहीच निवडलं नाही, निल. असॉकला वस्तूच्या माहितीच्या यादीत हवा तो ग्रुप कोड (नोंदीचा क्रमांक) सापडला नाही, निल. त्यावर कार (यादीतलं पहिलं) किंवा सीडीआर (पहिलं सोडून उरलेलं) चालवलं तरी कुठे आवाज नाही, कारण (कार निल) म्हणजे निल. असा तो चार ओळी खाली वाहत जातो आणि एखाद्या बेरजेपाशी आपटतो. एरर दाखवते ती आपटण्याची जागा. तुम्हाला शोधायची आहे उगमाची जागा, आणि ती नेहमी वरच्या बाजूला असते. म्हणून एरर आलेली ओळ बदलत बसू नका. त्या ओळीतलं प्रत्येक नाव ! लावून बघा, निल निघालं ते धरा, आणि त्याला किंमत देणाऱ्या सेटक्यूपर्यंत मागे जा. तिथेही उजव्या बाजूला दुसरं नाव असेल तर त्याच्या मागे. एक अडचण मात्र: तुम्ही नावं लोकल केलीत की कमांड संपताच ती पुसली जातात आणि ! ला सगळीकडे निलच दिसतं. डिबग करत असेपर्यंत रेघेनंतरची यादी तात्पुरती काढून ठेवा. काम झालं की परत घाला. यादी परत घालायला विसरण्यातूनच वर सांगितलेली ग्लोबलची भानगड होते.

एसएसगेटच्या निलाचा संदेश वेगळा दिसतो: ‘बॅड आर्ग्युमेंट टाइप: एलसेलसेटपी निल’. एसएसलेंग्थला निवड-संच हवा होता, निल मिळाला. तुमच्या कोडमध्ये काहीही न निवडता एंटर दाबलंत तर हेच येईल. ‘स्ट्रिंगपी’ दिसलं की बहुधा मजकूर जोडणाऱ्या स्ट्रकॅटमध्ये आकडा थेट घातलाय. आकड्याचा आधी मजकूर करा: पूर्णांक असेल तर आयटोए, दशांश असेल तर आरटीओएस मधून काढा.

‘नो फंक्शन डेफिनिशन’ आणि ‘बॅड फंक्शन’ या दोघांत लोक गोंधळतात. लिस्पमध्ये कंस उघडला की त्यातली पहिली गोष्ट फंक्शन असलीच पाहिजे. सी किंवा पायथॉनमधून आलेली मुलं कंस गटासाठी वापरतात आणि (डिस्टन्स (पी१ पी२)) लिहितात. आता लिस्प पी१ ला फंक्शन समजून बोलवायला जातं. पी१ रिकामं असेल तर ‘नो फंक्शन डेफिनिशन: पी१’, त्यात बिंदू भरलेला असेल तर ‘बॅड फंक्शन’. चूक एक, संदेश दोन, आणि कुठला येईल ते त्या दिवशी पी१ मध्ये काय आहे यावर. तसंच ((सेटक्यू ए ५)) असा जास्तीचा कंस पडला की आतून ५ येतो आणि मग ‘बॅड फंक्शन: ५’. फंक्शनऐवजी नुसता आकडा दिसला की दुहेरी कंस शोधायचा.

‘नो फंक्शन डेफिनिशन’च्या पुढे व्हीला- किंवा व्हीलॅक्स- ने सुरू होणारं नाव असेल तर शोधाशोध नकोच. ही फंक्शन्स उपलब्ध करून देणारी (व्हीएल-लोड-कॉम) ही ओळ फाइलीत नाही. तुमच्या फाइलीतही नाही. तुमच्या मशीनवर दुसऱ्या कुठल्या तरी लिस्पने ती आधीच चालवलेली असते म्हणून भागतं.

इथे आपल्याकडच्या ऑफिसांची एक रीत सांगायलाच हवी. माणूस वागळे इस्टेटमधून ऐरोलीला, तिथून बेलापूरला नोकरी बदलतो आणि पेनड्राइव्हमध्ये लिस्पचं फोल्डर घेऊन जातो. कुणी काय लिहिलं ठाऊक नसलेल्या पन्नास फाइली स्टार्टअप सूटमध्ये, म्हणजे ऑटोकॅड उघडताच आपोआप लोड होणाऱ्या यादीत, जाऊन बसतात. त्यांतल्या दोघींत डीटीआर नावाचं, अंशांचं रेडियन करणारं फंक्शन असतं. एकात एक आर्ग्युमेंट, दुसऱ्यात दोन. शेवटी लोड झालेलं जिंकतं. तुमचा कॉल निर्दोष, फाइल निर्दोष, तरी ‘टू फ्यू’ किंवा ‘टू मेनी’. फाइल पुन्हा लोड केली की एरर गायब आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर, असं झालं तर नावाची टक्कर समजा. स्वतःच्या फंक्शन्सच्या नावाआधी ऑफिसची दोन-तीन अक्षरं लावा, प्रश्न मिटतो. त्याच जातीची दुसरी गोष्ट: ऑटोलिस्पमध्ये फंक्शन आणि व्हेरिएबल यांची नावं एकाच खात्यात असतात. कुणी (सेटक्यू लिस्ट ...) किंवा (सेटक्यू अँगल ...) करून ठेवलं की त्या ड्रॉइंगमध्ये मूळ लिस्ट किंवा अँगल फंक्शन गेलं, आणि ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही अशा दहा कमांड्स ‘बॅड फंक्शन’ देऊ लागतात. शंका आली तर (टाइप लिस्ट) विचारा. एसयूबीआर (मूळचं फंक्शन) आलं तर ठीक, यूएसयूबीआर आलं तर कुणीतरी त्याच नावाचं फंक्शन लिहिलंय, रियल किंवा लिस्ट आलं तर चोर सापडला.

ही ठेवण जुनी आहे. जानेवारी १९८६ मध्ये ऑटोकॅडच्या २.१८ आवृत्तीबरोबर ऑटोलिस्प आली, ती डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पवर बेतलेली. तिचा डायनॅमिक स्कोपही अजून तसाच आहे: बोलावलेल्या फंक्शनला बोलावणाऱ्याची लोकल व्हेरिएबल्स दिसतात, आणि ते ती बदलूही शकतं. समजा तुम्ही क्षेत्रफळ लिहिण्यासाठी वेगळं मदतनीस फंक्शन केलंत, त्यातही क्र वापरलात आणि तिथे लोकल करायला विसरलात. मदतनीस तुमच्या रिपीटमधला क्र पुढे ढकलून देतं. एसएसनेमला संचाबाहेरचा क्रमांक मिळतो, ते निल देतं, आणि एरर येते क्षेत्रफळाच्या फंक्शनमध्ये, ज्याचा यात काडीचा संबंध नाही. तेव्हा मदतनीस फंक्शनमध्येही रेघ आणि लोकल यादी हवीच, दोन ओळींचं असलं तरी.

एरर न देणाऱ्या चुका जास्त वाईट. एका बिंदूपासून दिलेल्या कोनात, दिलेल्या अंतरावरचा बिंदू काढणारं पोलर घ्या. क्रम बिंदू, कोन, अंतर असा आहे आणि कोन रेडियनमध्ये. (पोलर पी ९० ३०००) लिहिलंत तर लिस्प ९० रेडियन घेईल आणि रेघ उभी जाण्याऐवजी साधारण ११६.६ अंशांवर कलंडेल. हे निदान डोळ्यांना दिसतं. कोन आणि अंतर यांची अदलाबदल झाली, (पोलर पी ३००० (/ पाय २)), तर रेघेची लांबी १.५७ मिलिमीटर होते. २३० च्या भिंतींच्या प्लॅनमध्ये ती कुणालाही दिसत नाही आणि सगळे म्हणतात ‘कमांड काहीच काढत नाही’. काढते. झूम करून बघा, किंवा लिस्ट कमांडने शेवटची वस्तू तपासा. दोन्ही आर्ग्युमेंट्स आकडेच असल्यामुळे लिस्पला तक्रारीला जागाच नाही.

इफचं असंच. इफला अट, ‘हो’चा कंस आणि ‘नाही’चा कंस एवढंच कळतं. अट खरी झाल्यावर दोन कामं करायची म्हणून दोन कंस एकापाठोपाठ लिहिलेत तर दुसरं काम अट खोटी असताना होतं. एरर शून्य. दोन्ही कामं प्रॉग्नमध्ये गुंडाळा. कॉन्डमध्ये (कॉन्ड (= एक्स १) ...) असा एक कंस कमी पडला की बरोबरचं चिन्हच अट होतं, ते निल नाही म्हणून अट कायम खरी. आणि कमांड फंक्शनला निल मिळाला तर तो एस्केप दाबल्यासारखा धरला जातो: (कमांड "_.लाइन" पी१ पी२ "") मध्ये पी२ निल असेल तर लाइन गुपचूप रद्द होते. भागाकारात दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तरही पूर्णांक, म्हणून (/ ७ २) म्हणजे ३. भिंतीची अर्धी जाडी काढताना २३० ला काही होत नाही, ११५ ला अर्धा मिलिमीटर उडतो, २.० ने भागा.

कंसांच्या मोजणीबद्दल फार लिहीत नाही. ‘माल्फॉर्म्ड लिस्ट ऑन इनपुट’ म्हणजे बंद करायचे राहिले, ‘एक्स्ट्रा राइट पॅरन’ म्हणजे जास्त झाले. शेवटी कंस ठोकून एरर घालवू नका, कारण मोजणी जुळते पण एखादा डिफन दुसऱ्या डिफनच्या पोटात जातो. एडिटरमध्ये उघडणाऱ्या कंसावर डबल क्लिक करून जोडीदार कुठे आहे ते बघा. आणि कोड व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून आला असेल तर आधी वाकडी अवतरणचिन्हं सरळ करून घ्या. लिस्पला ती अवतरणचिन्हं वाटतच नाहीत.

साधनांपैकी मला रोज लागतात ती दोन. एक, व्हीएलआयडीई या ऑटोकॅडमधल्याच लिस्प एडिटरच्या डिबग मेनूतलं ‘ब्रेक ऑन एरर’. ते चालू करून कमांड चालवा, एरर आली की कंट्रोल-एफ९ दाबा. नेमका कुठला कंस फुटला तो एडिटरमध्ये ठळक होतो, आणि लोकल व्हेरिएबल्स अजून जिवंत असतात, म्हणजे मघाचा यादी काढायचा द्राविडी प्राणायाम वाचतो. त्या अवस्थेत ऑटोकॅड गोठल्यासारखं वाटतं. ते तुमची वाट बघत असतं, कंट्रोल-आर ने सोडवा. ऑटोकॅड २०२१ पासून व्हीएस कोडचाही पर्याय आहे. कुठला एडिटर चालेल ते लिस्पसिस हे सिस्टम व्हेरिएबल ठरवतं: ० म्हणजे व्हीएलआयडीई, १ म्हणजे व्हीएस कोड, आणि बदल केल्यावर ऑटोकॅड बंद करून उघडावं लागतं. दुसरं साधन (व्हीएल-बीटी). फाइलीत स्वतःचं *एरर* फंक्शन (एरर आली की आपोआप चालणारं) असेल तर डिबगपुरतं त्याच्या आत ही ओळ टाका, कुणी कुणाला काय देऊन बोलावलं याची उतरंड कमांड लाइनवर छापली जाते. फाइलीतलं *एरर* जर ‘कमांड रद्द’ एवढंच छापत असेल तर तेच तुमचा संदेश गिळतंय. आधी ते बंद करा.

सहकाऱ्याकडे ऑटोकॅड एलटी (ऑटोकॅडचं छोटं रूप) असेल तर आवृत्ती विचारा, ऑटोलिस्प एलटीमध्ये २०२४ पासूनच आलं. ब्रिक्सकॅड या ऑटोकॅडसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर शब्द थोडे वेगळे दिसतील, पण तिथला संदेश कुठल्या फंक्शनपाशी अडलं तेही सांगतो, हे मला आवडतं.

तुमची कमांड आता अशी:

(डिफन सी:एकूण ( / संच क्र वस्तू बेरीज)
  (व्हीएल-लोड-कॉम)
  (सेटक्यू बेरीज ०.० क्र ०)
  (इफ (सेटक्यू संच (एसएसगेट '((० . "एलडब्ल्यूपॉलीलाइन"))))
    (प्रॉग्न
      (रिपीट (एसएसलेंग्थ संच)
        (सेटक्यू वस्तू (एसएसनेम संच क्र)
          बेरीज (+ बेरीज (व्हीलॅक्स-कर्व्ह-गेटएरिया वस्तू))
          क्र (१+ क्र)))
      (प्रिंक (स्ट्रकॅट "एकूण चौ. मी.: " (आरटीओएस (/ बेरीज १००००००.०) २ २))))
    (प्रिंक "काहीच निवडलं नाही"))
  (प्रिंक))

फिल्टरमध्ये टिंबाच्या दोन्ही बाजूंना जागा हवी, नाहीतर ‘बॅड एसएसगेट लिस्ट’. हा फिल्टर नसताना निवडीत टेक्स्ट किंवा हॅच आलं की क्षेत्रफळाचं फंक्शन अडतं. तुमच्या जुन्या कोडमध्ये ती एरर यायची बाकी होती. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे असं धरून दहा लाखाने भागलंय. चौरस फूट हवे असतील तर चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा. फाइल सेव्ह करा, कोरं ड्रॉइंग उघडा, त्यात एक १००० बाय १००० चा चौकोन काढा आणि कमांड दोनदा चालवा. दोन्ही वेळा १.०० (किंवा सेटिंगप्रमाणे नुसतं १) आलं पाहिजे. मग काही न निवडता एकदा एंटर.

हे आकडे कार्पेट एरियासाठी असतील तर अजून एक. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट आणि त्या घराच्या बाल्कन्या धरत नाहीत. पॉलीलाइन खोलीखोलीने आतून फिरवली असेल तर पार्टिशनच्या जाडीची जागा बेरजेत येणारच नाही आणि ऑटोलिस्प त्याबद्दल कुठलीही एरर देणार नाही. घराला एकच पॉलीलाइन, बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेने.